विटलेल्या रंगाची गाडी घरच्या घरी कशी उजळवावी

गाडीचा रंग सगळीकडे सारखा विटत नाही. आधी टप आणि बॉनेट निस्तेज होतात, कारण दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. मग डिकीचं झाकण, आणि बऱ्याच काळाने दारं. अशी गाडी पाहिली की काही जण ती पुन्हा रंगवून घ्यायच्या विचाराला लागतात, तर काही जण हाताला मिळेल ते रबिंग कंपाउंड (घासून वरचा थर काढणारी पेस्ट) आणून जोर लावून घासत सुटतात. बहुतेक गाड्यांना या दोन्हींची गरज नसते. खालचा रंग शाबूत असतो. आपल्याला दिसत असतो तो वरचा खराब झालेला पातळ थर आणि त्यावर घट्ट बसलेली घाण.

पुढे जे सांगणार आहे त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पॉलिश करणं म्हणजे रंगावरचा थर थोडा थोडा काढणं, आणि काढलेला थर परत येत नाही. त्यामुळे कमीत कमी काढून जास्तीत जास्त चकाकी मिळवायची, यातच सगळं कसब आहे. मशीन कोणतं आणि पॉलिशची बाटली कोणती हे प्रश्न त्यानंतरचे.

आपल्या हातात किती थर आहे

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे चार थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. छपाईचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर आपण काम करणार तो कागदाच्या निम्म्याइतकाच, किंवा त्याहूनही पातळ.

हा थर फक्त चकाकीसाठी नसतो. उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं त्यात मिसळलेली असतात आणि त्यांच्यामुळे खालचा रंग टिकतो. हलकं पॉलिश एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी काढतं. जाड दाण्याचं कंपाउंड आणि कडक पॅड (ते फिरवायची गादी) मिळून काही मायक्रॉन नेतात. एकदा केलं तर चालतं. दरवर्षी कंपाउंड मारलं तर काही वर्षांनी क्लिअर कोट इतका पातळ होतो की तो उन्हाला तोंड देऊ शकत नाही, आणि मग पापुद्रे सुटायला लागतात.

चकाकी जाते ती पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो, म्हणून त्यात प्रतिबिंब स्पष्ट दिसतं. ऊन, पाण्यातले क्षार, पक्ष्यांची विष्ठा, ब्रेकमधून उडणारी लोखंडाची कणी आणि कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे पडलेल्या हजारो बारीक रेघा, या सगळ्यांमुळे पृष्ठभाग उंचसखल होतो आणि प्रकाश विखुरतो. डोळ्यांना तेच धूसर दिसतं.

काम सुरू करण्याआधी निदान

गाडी धुऊन कोरडी करा आणि मोबाइलच्या टॉर्चने किंवा चांगल्या एलईडी दिव्याने प्रत्येक भाग तिरक्या प्रकाशात पाहा. दिव्याच्या ठिपक्याभोवती गोलाकार बारीक रेघांचं जाळं दिसलं तर ते पॉलिशने जातं. एकसारखा धूसरपणा आणि हलके पाण्याचे डागही जातात. एखाद्या ओरखड्यावरून नख हळूच आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याच्या कडा थोड्या बोथट होतील, तो कमी दिसेल, पण नाहीसा होणार नाही. त्याच्यामागे लागून तिथला क्लिअर कोट संपवू नका.

काही दोषांना पॉलिशचा हात लावायचाच नाही. बॉनेटवर किंवा टपावर पांढुरके चट्टे असतील, त्यांची कड हाताला लागत असेल, पापुद्रा उचललेला दिसत असेल, तर तिथला क्लिअर कोटच मेला आहे. असा भाग ओला केला की चट्टा क्षणभर लपतो आणि वाळल्यावर परत येतो. तिथे मशीन चालवलं तर कड आणखी सोलून निघेल. त्या पॅनेलला, म्हणजे बॉनेट, टप, दार अशा त्या सबंध भागाला, पुन्हा रंग हाच उपाय. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश अजिबात नको, कारण ते लावलं की चमकणारे डाग पडतात आणि ते काढता येत नाहीत. गाडीवर रंगीत व्हिनाइल किंवा पारदर्शक संरक्षक फिल्म लावलेली असेल तर तिथेही कंपाउंड वर्ज्य.

आधी अपघात होऊन एखादं पॅनेल पुन्हा रंगवलं गेलं आहे का, हेही माहीत असायला हवं. अशा पॅनेलवरचा थर कारखान्याच्या थरासारखा वागत नाही. कधी तो मऊ असतो, कधी फारच जाड. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र कुणाकडून मागून मिळालं तर जरूर वापरा. सगळ्या पॅनेलांवर ११०–१३० मायक्रॉन येत असताना एकावर २५० आलं तर ते पुन्हा रंगवलेलं आहे असं समजावं. कुठे ८० च्या खाली आकडा आला तर तिथे फक्त हाताने हलकं पॉलिश करावं किंवा नुसतं वॅक्स लावून सोडून द्यावं. ही यंत्रं धातूवर चालतात. प्लास्टिकच्या बंपरवर साधी यंत्रं आकडा दाखवत नाहीत.

आणखी एक साधी तपासणी. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हलकेच घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तुमच्या गाडीवर वेगळा क्लिअर कोट नाही. जुन्या गाड्या आणि काही साधे पांढरे किंवा लाल रंग असे एकाच थराचे असतात. फडकं रंगलं म्हणून घाबरू नका, पण काम कसं करायचं ते मात्र बदलतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

सामान

कारसाठीचा शॅम्पू, दोन बादल्या, मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा, गाडी पुसायचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल, क्लेची वडी (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) आणि तिच्यासाठी निसरडा द्रव, मास्किंग टेप, एक बारीक दाण्याचं पॉलिश, एक मध्यम कंपाउंड, पॉलिशचं तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शेवटी संरक्षणासाठी लावायला वॅक्स (मेण) किंवा सीलंट (मेणाऐवजी वापरायचा कृत्रिम लेप). लहान मायक्रोफायबर फडकी मात्र भरपूर हवीत, कमीत कमी दहा-बारा. त्यांच्यावर काटकसर करू नका. पॉलिश स्वस्तातलं असलं तरी निभावतं, पण धूळ भरलेलं फडकं सगळ्या कष्टांवर नव्या रेघा ओढतं.

मशीन घ्यायचं असेल तर ड्युअल अॅक्शन म्हणजे डीए प्रकारचंच घ्या. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी लहान वर्तुळात हलतं. जोर जास्त पडला तर पॅड फिरायचं थांबतं, त्यामुळे रंग जाळण्याचा धोका कमी राहतो. एकाच अक्षावर गरगर फिरणारं रोटरी मशीन सराईत हातात वेगाने काम करतं. नवख्या हातात ते काही सेकंदांत कडेचा रंग उडवून आतलं प्रायमर दाखवतं. भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलला पॅड बसवून केलेलं पॉलिश हेही रोटरीच आहे, आणि तोल सांभाळायला वाईट. ते टाळा.

पॅडं किमान पाच-सहा तरी घ्या. पॅडच्या रंगांवर जाऊ नका, कारण प्रत्येक कंपनीचे रंगांचे अर्थ वेगळे असतात. पाकिटावर कापणारं, पॉलिशिंगचं की फिनिशिंगचं, काय लिहिलं आहे ते वाचा.

धुणं

काम सावलीत, थंड पत्र्यावर करायचं. तळहात ठेवून पत्रा गरम लागत असेल तर थांबा. आधी चाकं धुवा, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा. मग नुसत्या पाण्याच्या धारेने सगळी सुटी धूळ वाहून जाऊ द्या. ही पायरी लोक घाईत उरकतात, पण जितकी धूळ पाण्याने निघेल तितकी हातमोज्याखाली कमी अडकेल.

एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवून एक पॅनेल धुवा, मग तो साध्या पाण्यात खळबळून पिळा आणि मगच पुन्हा शॅम्पूत बुडवा. वरून खाली या. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी, कारण रेती तिथेच असते. हातमोजा सरळ रेषेत फिरवा. पाणी अंगावर वाळू देऊ नका. टॉवेल पसरून हळूच ओढा, घासू नका.

डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन मिनिटभर दाबून धरा. ताजे पाण्याचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्यावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. याने क्षार निघतात. क्षारांनी रंगात पाडलेला खड्डा निघत नाही.

दिसत नाही पण हाताला लागते ती घाण

धुतलेल्या, वाळलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ही खरखर म्हणजे रंगात रुतलेली लोखंडाची कणी, झाडाचा चीक, दूरवरून उडून आलेला रंगाचा फवारा. ती तशीच ठेवून पॉलिश केलं तर ती सुटून पॅडखाली फिरत राहते.

लोखंडाच्या कणीसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की कणी विरघळताना द्रव जांभळा होत जातो, त्यामुळे किती घाण होती ते दिसतं. तो वाळू द्यायचा नाही. बाटलीवर दिलेल्या वेळेत धुऊन टाकायचा. त्याला उग्र वास असतो. हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत काम करा.

राहिलेली घाण क्लेने काढायची. वडीचा छोटा तुकडा हातात चपटा करून घ्या. फूट-दोन फुटांचा भाग निसरड्या द्रवाने अगदी ओलाचिंब करा आणि क्ले बोटांच्या भाराने, जोर न लावता, सरळ रेषेत पुढेमागे फिरवा. सुरुवातीला ती अडखळते, किरकिर आवाज येतो. घाण निघाली की ती निसटायला लागते. तिथेच थांबा आणि पुसा. क्ले मळकी झाली की आतून उलटवून मळा. जमिनीवर पडली तर ती फेकून द्यायची, धुऊन वापरायची नाही. एक रेतीचा खडा तिच्यात बसला तर पुढच्या सगळ्या पॅनेलांवर त्याची खूण उमटते.

क्लेने स्वतःच्याही थोड्या बारीक रेघा पडतात, विशेषतः गडद रंगावर. म्हणून गडद गाडीवर पॉलिश करायचं असेल तेव्हाच क्ले करा.

इथपर्यंत आल्यावर गाडीकडे नीट पाहा. फिकट रंगाच्या पुष्कळ गाड्या एवढ्यावरच खूप उजळतात. समाधान झालं असेल तर थेट वॅक्स लावा. क्लिअर कोट जसाच्या तसा राखला गेला, याहून चांगलं काय?

टेप

रबरी पट्ट्या, काळं खडबडीत प्लास्टिक, दाराचे हँडल, चिन्हं, काचांच्या कडा यांवर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लास्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरं होऊन रुतून बसतं. बॉनेटच्या आणि दारांच्या धारदार घड्यांवरही टेप लावावी, कारण अशा कंगोऱ्यांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीनचा सगळा भार तिथेच पडतो. शेवटी टेप काढून तो पट्टा हाताने पॉलिश करा.

चाचणीचा चौकोन

एक पायरी सोडूच नका असं सांगायचं झालं तर ती ही. बॉनेटवर टेपने दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखा आणि सगळ्यात मऊ जोडीने सुरुवात करा: बारीक दाण्याचं पॉलिश आणि फिनिशिंग पॅड. चौकोन पूर्ण करा, पुसा, अल्कोहोलच्या पाण्याने (प्रमाण पुढे दिलं आहे) पॉलिशचं तेल काढा आणि दिव्याखाली शेजारच्या न केलेल्या भागाशी ताडून पाहा.

पुरेसा फरक पडला तर तुमची पद्धत ठरली. नसेल पडला तर फक्त पॅड बदला, पॉलिश तेच ठेवा. फिनिशिंगच्या जागी पॉलिशिंग पॅड. त्यानेही भागलं नाही तर मग मध्यम कंपाउंड आणि पॉलिशिंग पॅड. त्यापुढे कंपाउंड आणि कापणारं पॅड. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय कशाने झालं ते कळतं. कडक जोडी लागलीच तर तिच्यामागून धूसर छटा राहते, विशेषतः काळ्या गाडीवर. ती घालवायला पुन्हा बारीक पॉलिश आणि मऊ पॅड फिरवावं लागतं.

इतकं सगळं कशासाठी, तर क्लिअर कोट प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो. काही इतके कडक की कंपाउंडला दाद देत नाहीत, काही इतके मऊ की फडक्यानेही रेघा पडतात. गाडी बाहेरून पाहून हे कळत नाही. शेजाऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही.

किती सुधारणा पुरेशी, तेही इथेच ठरवा. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीसाठी बहुतांश रेघा गेल्या आणि प्रतिबिंब स्वच्छ दिसायला लागलं की माझ्या मते थांबावं. उरलेल्या थोड्या रेघांसाठी जेवढा थर काढावा लागतो तेवढी त्यांची किंमत नसते.

मशीन चालवताना

घड्याळ, अंगठी, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती रंगावर घासणार नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवा, पॉलिशची धूळ उडते.

नव्या पॅडवर थोडं पॉलिश बोटाने पसरून घ्या, म्हणजे पॅड कोरडं राहणार नाही. त्यानंतर दर वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त पॉलिशने जास्त काम होत नाही. पॅड चिकट होतं आणि घसरतं.

पॅड पत्र्याला टेकवा आणि मगच मशीन सुरू करा, नाहीतर पॉलिश सगळीकडे उडेल. सर्वांत कमी वेगावर ते चौकोनभर पसरा. मग वेग चार किंवा पाचवर न्या. एका वेळी दीड फुटाचाच चौकोन. मशीन हळू सरकवा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवा. आधी आडव्या ओळी, मग उभ्या, पुन्हा आडव्या, पुन्हा उभ्या. घाईने इकडेतिकडे फिरवलेलं मशीन नुसता आवाज करतं, पॉलिशचे कण कामच करत नाहीत.

दाब मध्यम. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ काढून ठेवा. चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबून नुसती थरथरायला लागली तर पॅड फिरत नाही, दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा. वक्र भागावर हे वारंवार होतं. शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत दाब आणखी हलका करा.

चौकोन झाला की तळहाताने पत्रा तपासा. कोमट ठीक. चटका बसत असेल तर दुसऱ्या पॅनेलकडे वळा आणि याला निवू द्या. प्लास्टिकच्या बंपरवर जास्तच जपा; पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती एकाच जागी धरून ठेवतं, आणि रंग मऊ होऊन ओढला जातो. बंपरवर वेगही कमी आणि फेऱ्याही कमी.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा कोरड्या टॉवेलवर दाबून साफ करा. निघालेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश पॅडमध्ये साचलं की तेच नव्या रेघा पाडतं. दोन-तीन पॅनेलांनंतर पॅड बदला. भिजून गरम झालेलं पॅड नीट कापत नाही आणि लवकर फाटतं.

वेळ हाताशी ठेवा. लहान गाडी एकाच पॉलिशने पूर्ण करायला पूर्ण दिवस जातो, आधी कंपाउंड आणि मग पॉलिश असं करायचं तर दोन. थकलेल्या हाताने काठावर मशीन चालवू नका. अर्धी गाडी आज आणि अर्धी उद्या केली तर काही बिघडत नाही. चाचणीनंतरच्या कामाची सुरुवात मात्र चटकन नजरेत न येणाऱ्या पॅनेलपासून करा, म्हणजे बॉनेटपर्यंत येता येता हात बसलेला असेल.

मशीन नसेल तर

हातानेही होतं, पण अपेक्षा बेताची ठेवा. एकसारखा धूसरपणा हाताने चांगला जातो. गोल रेघा थोड्याच कमी होतात. फडक्याऐवजी फोमचं हाताचं पॅड घ्या, कारण त्याने दाब सगळीकडे सारखा पडतो. एक फुटाचा चौकोन, आडव्या-उभ्या रेषा, आणि दोन-तीन मिनिटं न थांबता. सगळ्या गाडीऐवजी टप, बॉनेट आणि डिकी एवढंच करा. दारांना वॅक्स पुरेल.

टूथपेस्ट, खायचा सोडा, रॉकेल, खोबरेल तेल यांचे सल्ले सगळीकडे फिरतात. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात खरे, पण ते रंगासाठी बनवलेले नसतात. तेलं लावली की रेघा भरतात आणि गाडी काही काळ चमकते, मग त्यावर धूळ चिकटते. यातलं काहीही रंगावर लावू नका. पाणकागदाने क्लिअर कोट घासण्याचे व्हिडिओही पुष्कळ आहेत. जाडी मोजल्याशिवाय आणि हाताला सवय असल्याशिवाय ते घरी करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

एकाच थराचा जुना रंग

फडक्यावर रंग उतरणारी जुनी गाडी असेल तर तिच्यावर बहुधा खडूसारखी पांढुरकी भुकटी दिसेल. बोट फिरवलं की ती बोटाला लागते. उन्हाने वरचा रंग जळून भुकटी झालेला असतो आणि खालचा कोरडा पडलेला असतो. इथे लगेच कंपाउंड मारू नका. घासणारे कण नसलेलं, तेलाचा अंश जास्त असलेलं ग्लेझ मऊ फडक्याने हाताने भरपूर चोळा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुसताना फडकं रंगीत होईल. रंग किती कोरडा होता यावर अवलंबून हे एक-दोनदा पुन्हा करावं लागतं. रंगात खोली परतताना दिसते.

त्यानंतर बारीक पॉलिशने एक हलकी फेरी. पॅड रंगाने पटकन भरतं, म्हणून इथे पॅडं जास्त लागतात. इथे पारदर्शक राखीव थर काही नाही, रंग संपला की थेट प्रायमर. त्यामुळे कडांना हातानेच करा. धातूची चमक असलेला एकाच थराचा रंग असेल तर त्यात चमकीचे कणच उघडे असतात. त्याला घासून एकसारखं दिसणं अवघड असतं, तिथे ग्लेझ आणि वॅक्सवर थांबा.

खरं काय उरलं ते पाहणं

पॉलिशमधलं तेल बारीक रेघांमध्ये बसतं आणि त्या लपवतं. गाडी सुंदर दिसते, दोन धुण्यांनंतर रेघा परत येतात आणि माणसाला वाटतं की काम वाया गेलं. हे टाळायला आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी तीन भाग असं मिश्रण फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. मग दिवा धरा. नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलवर मात्र अल्कोहोल नको, ताजा रंग मऊ पडू शकतो.

संरक्षण

पॉलिश केलेला क्लिअर कोट उघडा असतो. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, त्यावर काहीतरी चढवा.

ब्राझीलमधल्या पामच्या पानांपासून मिळणारं कार्नोबा मेण रंगाला उबदार खोली देतं, गडद रंगांवर ते छान दिसतं, पण ऊन-पावसात महिना-दोन महिनेच टिकतं. कृत्रिम सीलंट साधारण चार ते सहा महिने निभावतं. दोन्ही लावताना थर इतका पातळ हवा की जेमतेम दिसावा. बोटाने एक रेघ ओढून पाहा. तिथलं वॅक्स स्वच्छ निघालं तर पुसायची वेळ झाली, ओशट पसरलं तर थांबा. सीलंट लावल्यावर पहिले बारा ते चोवीस तास पाणी लागू देऊ नका.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढून कडक होणारा पारदर्शक लेप, वर्षानुवर्षं टिकू शकतं, पण पहिल्यांदाच पॉलिश करणाऱ्याने ते लगेच लावू नये असं माझं मत आहे. त्याच्याखाली राहिलेली प्रत्येक रेघ त्याच्याखालीच कोंडली जाते, आणि चुकून वाळलेला डाग काढायला पुन्हा पॉलिशच करावं लागतं. आधी एक-दोनदा सीलंटवर गाडी ठेवा. हात आणि नजर तयार झाली की कोटिंगचा विचार करा. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलला वॅक्स, सीलंट किंवा कोटिंग लावण्याआधी रंगवणाऱ्याला विचारा. रंग पूर्ण सुकायला एक ते तीन महिने लागू शकतात आणि तोवर त्याला झाकायचं नसतं.

पुढचे महिने

नवी चकाकी सर्वांत जास्त कशाने जात असेल तर सकाळी धुळीवर मारलेल्या कोरड्या फडक्याने. ते बंद करा. दोन आठवड्यांतून एकदा दोन बादल्यांनी धुवा, मध्ये फार धूळ बसली तर नुसतं पाणी मारा. गाडी झाकायचं कापड धुळकट गाडीवर घालू नका, वाऱ्याने ते हलतं आणि दिवसभर घासत राहतं.

पक्ष्याची विष्ठा उन्हात काही तासांतच रंगात खूण पाडू शकते. ओलं फडकं तिच्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ होऊ द्या, मग उचलून घ्या. झाडाचा चीक वाळला असेल तर अल्कोहोलने भिजवून काढा, नखाने खरवडू नका.

अंगावरचं पाणी गोल थेंब न होता पसरून राहायला लागलं की वॅक्स संपलं असं समजा आणि पुन्हा लावा. त्या वेळी पॉलिश नको, नुसतं धुऊन वॅक्स. पुन्हा मशीन हातात घ्यायची वेळ नीट जपलेल्या गाडीवर वर्षा-दीड वर्षाआधी सहसा येत नाही, आणि आली तरी सुरुवात चाचणीच्या चौकोनापासून, सगळ्यात मऊ पॅडनेच करायची.